गाण्यातला खड्डा

आमच्या घरमालकांचे धाकटे भाऊ गाणं वाजवता वाजवता मधेच पुसून टाकायचे. पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसावीत तसं. वरच्या खोलीत गिटार दणक्यात चाललेली असायची, आमच्या फळीवरची भांडी थरथरायची, आणि एकाएकी आवाज पातळ होत होत नाहीसा व्हायचा. वीज गेली म्हणावं, तर आमचा दिवा चालू. थोड्या वेळानं गाणं पुन्हा वर यायचं, पण चार पावलं पुढे गेलेलं. मधली पावलं कुठं पडली, कुणास ठाऊक.

मला तेव्हा सगळंच ठाऊक होतं. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले ती एका हातात तंबोरा आणि दुसऱ्या हातात गाण्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रं घेऊन. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. संसार म्हणजे एक स्टोव्ह आणि दोन गाद्या, पण प्रमाणपत्रं मात्र काचेच्या चौकटीत. ती टांगायला भिंतीत खिळे ठोकायचे होते, म्हणून घरमालकांनी धाकट्या भावाला खाली पाठवलं. पांढरा पंचा, वर लाल चौकड्यांचा शर्ट, कानांवरून गालापर्यंत उतरलेले कल्ले, हातात हातोडी.

"कुठं ठोकू, अक्का?"

माझ्याच वयाचा बाप्या मला अक्का म्हणतो, याचा मला भयंकर राग आला. इकडे शहाळेवालासुद्धा अक्का म्हणतो हे कळायला पुढे आठवडा गेला. तोवर मी त्यांच्याशी तुटकपणे बोलत होते आणि ते मला मन लावून अक्का म्हणत होते.

घरातली पोरंटोरं त्यांना धाकटे अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नडचं मीठ सढळ हातानं. 'थोडं'ला 'स्वल्प', 'ठीक'ला 'सरी', आणि दर वाक्याच्या शेपटाला एक 'की'. आल्या आल्या मी त्या माणसांचं मराठी सुधारायला निघाले होते, बोला आता! घरमालकीणबाई हसून ऐकून घ्यायच्या आणि वाटीभर हुळी, म्हणजे इकडची आमटी, हातात ठेवायच्या. आज माझी नात मला म्हणते, "आज्जी, तू मराठी बोलतेस की कन्नड?" तेव्हा मला त्या बाई आठवतात.

तर ते गाणं पुसणं. नळावर बायका जमल्या होत्या, तिथं मी जाहीर निकाल दिला. "त्यांना तेवढा भाग येत नाही. म्हणून आवाज बंद करून लपवतात." जिन्यावर धाकटे अण्णा उभे होते, हे मला कळलं ते बायका गप्प झाल्यावर.

"खरं आहे की हो, अक्का," ते म्हणाले. "तेवढा भाग मला येतच नाही. जे ऐकलंच नाही ते कसं वाजवू? खोटं होईल की."

मग त्यांनी मला वर नेऊन रेडिओ दाखवला. ट्रंकेएवढा, जाळीवर सोनेरी कापड ताणलेला. मिसरूड फुटताना त्यांना त्याचं वेड लागलं होतं. शॉर्टवेव्हवर कुठल्या कुठल्या लांबच्या देशांची स्टेशनं लागायची आणि तिथं केसाळ गोऱ्या पोरांची गिटारवरची गाणी. इकडे ना रेकॉर्ड मिळायची ना शिकवायला कुणी. रेडिओला कान लावायचा आणि वाजवायचं, हीच शाळा. पण शॉर्टवेव्हचा आवाज समुद्रासारखा. भरती आली की खोली दणाणायची, ओहोटी लागली की गाणं वाळूत जिरायचं. ते त्या ओहोटीला खड्डा म्हणत. त्यांनी गाणी खड्ड्यांसकट पाठ केली. गिटारवरच्या आवाजाच्या बटणाला करंगळी लावून, गोऱ्यांनी न केलेली ती ओहोटीसुद्धा ते चोख वाजवायचे. खड्ड्यात हात चालूच असायचा, ताल सुटायचा नाही, फक्त ऐकू काही यायचं नाही.

गिटारही त्यांच्यासारखीच. वीणा घडवणाऱ्या एका सुताराकडून फणसाच्या लाकडाची करून घेतलेली, पोट तेवढं सपाट. तिची वायर ते त्याच रेडिओच्या पाठीत खुपसायचे. म्हणजे ज्यातून गाणं आलं, त्यातूनच ते परत बाहेर पडायचं.

मी म्हटलं, "पण तो आवाज जाणं म्हणजे यंत्राचा दोष आहे ना? ते गाणं नव्हे."

"कुणी सांगितलं?"

याला परीक्षेच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

त्यांच्या तोंडी शिवी एकच होती: स्वच्छ. सिनेमातली गिटार? "फार स्वच्छ." पुढे कॅसेटी आल्या, मग सीडीच्या चकत्या आल्या. "स्वच्छ की हो अक्का, दवाखान्यासारखं." माझं गाणं एकदा जिन्यात बसून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवून म्हणाले, "अतिशय स्वच्छ." मी तो सन्मान समजून चार दिवस मिरवला.

"कानाचं लोणचं एकदाच पडतं, अक्का," असं ते म्हणायचे. "मिसरूड फुटताना. मग फोडी कितीही नव्या टाका, खार तोच."

तरुणपणी छावणीतल्या एका बँडनं त्यांना घेतलं होतं. हात फार चांगला होता, हे त्या पोरांनीही मान्य केलं. पहिल्याच नाचाच्या कार्यक्रमात धाकटे अण्णा खड्ड्यात उतरले, आणि हॉलचा वायरमन धावत स्टेजवर येऊन प्लग हलवू लागला. पुढच्या गाण्यात पुन्हा खड्डा, पुन्हा वायरमन. तिसऱ्या वेळी वायरमननं बँडच्या म्होरक्याला सांगितलं, "साहेब, दोष वायरीत नाही, माणसात आहे." ही गोष्ट धाकटे अण्णा स्वतः वायरमनची नक्कल करून सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मीही हसायचे. त्या बँडनंतर त्यांच्याबरोबर कुणी वाजवलंच नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

एक गाणं मात्र त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्याचा खड्डा सगळ्यांत लांब. रेडिओवर ते कितीदा तरी लागलं, आणि दर वेळी नेमकं तिथंच बुडालं. मग त्यांचा एक मित्र परदेशातून त्याची रेकॉर्ड घेऊन आला. सगळं घर वरच्या खोलीत जमलं. मीसुद्धा गेले, नाक वर करून. धाकट्या अण्णांनी अंघोळ केली होती, शर्टाला इस्त्री होती. सुई ठेवली. खड्ड्याची जागा आली, आणि गोरा बिचारा तिथं तेच ते पहिलं कडवं पुन्हा वाजवत होता.

धाकट्या अण्णांनी सुई उचलली. "एवढंच?" म्हणाले. "एवढंच होतं होय?"

मित्र ओशाळला, जणू त्यानंच ते वाजवलं होतं.

"मी इतकी वर्षं तिथं काय काय ठेवलं होतं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि रेकॉर्ड पाकिटात घालून मित्राला परत दिली.

त्यानंतर दुपारच्या वेळी वरून एक वेगळाच आवाज येऊ लागला. रेडिओ बंद ठेवून ते नुसत्याच तारा वाजवायचे. गोधडीला टाके घालताना सुई कापडातून निघते ना, तशी कोरडी टिकटिक. ओळीनं भरभर टाके, मग एक थांबा, दोन सुटे, पुन्हा ओळ. भांडी घासता घासता माझ्या हातालाही ती लय लागली. एकदा विचारलं, तर म्हणाले, "खड्ड्यात जे होतं ते बाहेर काढाय लागलोय. पण आवाज आत्ता नाही देणार. एकदाच देतो, माणसांसमोर."

आणि गणपतीच्या आधी ते खाली आले, आमच्या दारात उभे राहिले आणि पंच्याचं टोक पिळत म्हणाले, "अक्का, तुमचा तो भोपळा माझ्या गाण्याखाली धराल का?"

भोपळा म्हणजे माझा तंबोरा. माझ्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर पुण्याहून चालत येऊन तो काढून घेतला असता. पण धाकटे अण्णा म्हणाले, "मी खाली गेलो की लोकांना वाटतं मी मेलो. खाली काहीतरी चालू पाहिजे की. तुम्ही भोपळा सोडू नका. मी वर येतो, हातात काहीतरी घेऊन."

मी हो म्हटलं. दयेनं नव्हे आणि कलेसाठीही नव्हे. मंडळाच्या गणेशोत्सवात मला गायला बोलावलं नव्हतं, आणि व्यासपीठावर बसायची ही एकच वाट उरली होती.

मराठी मंडळात गिटारला जागा मिळवणं सोपं नव्हतं. 'गोंगाट नको' म्हणाले. मी माझ्या प्रमाणपत्रांचा धाक दाखवला. शेवटी कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं, 'पाश्चात्त्य वाद्यसंगीत, तंबोऱ्याच्या साथीने'. आमच्या आधी नाट्यगीतं, आमच्यानंतर बालगोपाळांचा कोळीनाच. रेडिओ स्टुलावर ठेवला तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा बातम्या लागणार म्हणून सरसावून बसले.

मी नवी मोरपंखी इरकल नेसले होते. लोक आपल्याकडेच बघताहेत याबद्दल मला शंका नव्हती.

धाकटे अण्णा वाजवू लागले. गाणं वर वर चढलं. दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, मागची तरुण पोरं उभी राहिली. मग करंगळी बटणावर गेली आणि गाणं हळूहळू खाली उतरलं. तळाशी माझा तंबोरा तेवढा उरला. प, सा सा, सा. काय शांतता होती ती! मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं की तंबोरा ही नुसती बैठक नाही, कुणी परत येईपर्यंत तेवत ठेवायचा दिवा आहे. मी अण्णांकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात चालू, करंगळी बटणाशी परतलेली. वर येणार, इतक्यात—

टाळ्या.

आपली मराठी माणसं सभ्य. शांतता झाली म्हणजे संपलं. खणखणीत टाळ्या वाजल्या, आणि वेळेच्या बाबतीत कडक असलेले मंडळाचे चिटणीस हसत हसत व्यासपीठावर आले. हातात नारळ आणि गुलाबाचं फूल. नारळ काही एका हातानं घेता येत नाही. धाकट्या अण्णांनी डोळे उघडले, समोर पुढे केलेला नारळ बघितला, आणि गिटारवरचे दोन्ही हात काढून तो घेतला. मग सवयीनं कानाशी नेऊन हलवला. "पाणी आहे," ते माइकमध्ये म्हणाले. लोक खूप हसले.

बालगोपाळ कमरेला कोळ्यांचे रुमाल बांधून वर आलेसुद्धा. कुणीतरी माइक उचलला, कुणीतरी स्टूल. तंबोरा सोडू नका असं अण्णांनी म्हटलं होतं, म्हणून मी छेडतच राहिले, कडेला ढकलली गेले तरी छेडत राहिले. एका पोरीनं मला विचारलं, "काकू, तुमचा अजून राहिलाय का?" नळावर माझी जीभ काय चालायची! त्या दिवशी 'थांबा, अर्धंच झालंय' एवढे तीन शब्द तिला जड झाले. इरकल नेसलेली बाई व्यासपीठावर ओरडते कुठं?

रेडिओ रिक्षात मधे ठेवून आम्ही घरी आलो. मी म्हटलं, "संपलं नाही म्हणून सांगायचं होतं ना, अण्णा!"

"नारळ हातात आल्यावर संपलंच की, अक्का."

"मग घरी वाजवा. मी ऐकते. ह्यांनाही बोलावते."

"सरी. बघू की."

नारळाची बर्फी झाली, आमच्याकडेही आली. आणि ते बघणं राहूनच गेलं. मी एकदा-दोनदा आठवण केली, मग मला दिवस गेले, मग आम्हाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं. धाकट्या अण्णांना बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरची नोकरी लागली. पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, दिवस मावळल्यावर परतायचे. लग्न केलं नाही. गिटार भिंतीवर गेली. ती टांगायचा खिळा कुठला होता सांगू? आम्ही घर सोडताना माझ्या प्रमाणपत्रांचा जो भिंतीत राहिला, तोच. त्यांनी तो उपटून वर नेला होता. लग्नामुंजीत भेटले की मी म्हणायचे, "अण्णा, ते राहिलंय बरं का." ते म्हणायचे, "राहू दे की, अक्का. नासत नाही ते." भाजीवाल्याशी मूठभर कोथिंबिरीसाठी हुज्जत घालणारी मी, या बाबतीत मात्र हट्ट धरला नाही. वाटायचं, आहे की वेळ.

माझी नात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कानाला हेडफोन लावून गिटार वाजवते. ऑफिसच्या बँडमध्ये आहे. परवा ती एक गाणं वाजवत होती, आवाज मोठा ठेवून. माझ्या हातातली पालेभाजी निवडायची थांबली. तेच. खड्ड्याची जागा आली आणि मी वाट बघू लागले, पण गाणं खाली गेलंच नाही, सरळ पुढे निघून गेलं. मी म्हटलं, "चुकलीस."

"काय? आज्जी, ओरिजिनलला मॅच करून बघितलंय मी!"

"तेच तर. फार स्वच्छ."

मग तिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "आज्जी, आहेत का ते अजून? चल ना, भेटू." मी वाटेत नारळ घेतला. "कशाला?" तिनं विचारलं. "म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये," मी म्हटलं. सगळंच काही नातींना सांगायचं नसतं.

धाकटे अण्णा पुतण्याकडे राहतात. कल्ले पांढरे झालेत, शर्ट मात्र लाल चौकड्यांचाच. कानात मशीन.

"या अक्का! मोठ्यानं बोला की. हे मधेच जातंय, मधेच येतंय." त्यांनी कानाकडे बोट केलं आणि खुशीत हसले. "रेडिओ आता इथंच येऊन बसलाय."

नातीनं आपली गिटार काढली, छोटा स्पीकर लावला आणि ते गाणं वाजवलं. सरळ, सबंध, एकही खड्डा न घेता. धाकटे अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मधेच कानाच्या मशीनला हात लावायचे, मग सोडून द्यायचे. संपल्यावर त्यांनी तिचा हातच धरला.

"बरोबर! अक्का, पोरीनं बरोबर वाजवलं बघा. खड्ड्यांसकट!"

नात माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला.

"अण्णा," मी ओरडले, "ते राहिलंय!"

या वेळी त्यांनी 'बघू' म्हटलं नाही. पुतण्याला भिंतीवरची फणसाची गिटार काढायला लावली. तारा गंजलेल्या, पण होत्या. रेडिओ केव्हाच भंगारात गेला होता, म्हणून नातीनं वायर आपल्या स्पीकरला लावली आणि तारा जुळवून दिल्या. "भोपळा?" त्यांनी विचारलं. तंबोरा माझ्या घरी, आणि तो उचलायची ताकद आता माझ्यात नाही. नातीनं फोनवर तंबोरा लावून दिला. मी फोन मांडीवर घेऊन ताठ बसले, साथीला बसतात तशी.

बोटं वाकडी झालीत, अडखळत होती. पण गाणं चढलं. मग करंगळी बटणावर गेली आणि गाणं हळूहळू खाली उतरलं. फोनमधला तंबोरा तेवढा उरला. करंगळी पुन्हा बटणाशी गेली, आणि निसटली. पुन्हा गेली, पुन्हा निसटली. मग ती खाली आली आणि बाकीची बोटं पुढे निघाली.

आवाज आलाच नव्हता. बटण तळाशीच होतं. धाकट्या अण्णांना ते कळलं नाही. त्यांच्या कानातलं मशीन तेव्हा कुठल्या देशात होतं कुणास ठाऊक. ते वाजवत होते. ओळीनं भरभर टाके, मग एक थांबा, दोन सुटे, पुन्हा ओळ. कोरडी टिकटिक. वरच्या खोलीतून दुपारी यायची तीच.

नात कुजबुजली, "आज्जी, व्हॉल्यूम!" आणि बटण फिरवायला उठू लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. हात पुढे करून त्यांच्यासमोर मधेच कुणीतरी येणं एकदा झालं होतं. आता नको.

ते बराच वेळ वाजवत राहिले. केवढं मोठं होतं ते! मान डोलत होती, एका जागी तर स्वतःशीच हसले. काय होतं तिथं, मला माहीत नाही. तुम्हालाही सांगता येणार नाही. मी फक्त फोन सोडला नाही.

मग बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. नातीनंही वाजवल्या, रडत होती वेडी. मी पिशवीतून नारळ काढून पुढे केला. धाकट्या अण्णांनी गिटार बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी तो घेतला, आणि कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मग दुसऱ्या कानाशी.

"पाणी आहे का हो, अक्का?"

माझे कान तरी कुठले तरुण राहिलेत!

"आहे की, अण्णा," मी म्हणाले. "भरपूर आहे."